मुलांच्या समाजमाध्यम वापरावर कायद्याने निर्बंध असावेत का?

होय, सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम वापरावर कायद्याने निर्बंध असावेत. मात्र दंडाचा भार मुलांवर किंवा पालकांवर नव्हे, तर कंपन्यांवर असला पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये संमत केलेला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झालेला कायदा असाच आहे: सोळा वर्षांखालील मुलांची खाती रोखण्यासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम ९ अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागते आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करते. ही तरतूद मोलाची आहे, पण केवळ संमतीवर भिस्त ठेवणे मला पुरेसे वाटत नाही. मी सोलापुरात माध्यमिक शाळेत शिकवतो. येथील पूर्व भागात विडी कामगारांच्या अनेक घरांत एकच मोबाइल असतो, तोही आईच्या नावावरचा; आई तेंदूची पाने कापत असते, आलेला ओटीपी आठवीतली मुलगीच वाचून भरते आणि संमतीचे बटणही तीच दाबते. एक गोष्ट मात्र कायद्याने सांभाळावी: शाळेचा गृहपाठ व सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर येतात, त्यामुळे निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या सेवा, ऑस्ट्रेलियाप्रमाणेच, या निर्बंधातून वगळाव्यात.