पहिल्या बैठकीआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. सरकारी खातं, बांधकाम व्यावसायिकांची संघटना आणि कामगार प्रतिनिधी यांच्या बांधकाम सुरक्षेवरच्या संयुक्त समितीवर तुला घेतलं, तेही सुरक्षा अधिकारी होऊन चारच वर्षं झालेली असताना, हे वाचून बरं वाटलं. पहिल्या बैठकीत काय मांडू, असं तू विचारलं आहेस. तुझ्या कच्च्या यादीत पोस्टर स्पर्धा, सुरक्षा सप्ताह आणि हेल्मेट वाटप अगदी वर आहेत. ती यादी सध्या बाजूला ठेव. रागावू नकोस, मीही तिथूनच सुरुवात केली होती.

मी अर्धी नोकरी सरकारी निरीक्षक म्हणून केली आणि उरलेली ठेकेदार कंपनीत. निरीक्षक होतो तेव्हा गेटवर आमची गाडी दिसली की आत शिट्टी वाजायची आणि दहा मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट यायची. कंपनीत गेल्यावर ती शिट्टी कोण वाजवतं ते कळलं. (एकदोनदा मीच वाजवली आहे.) सरकार आणि उद्योग यांचं असं ‘सहकार्य’ आधीपासूनच उत्तम चालू आहे. तुला करायचं आहे ते निराळं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या कंपनीच्या एका साइटवर पहिल्या मजल्याच्या स्लॅबचं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा उभारणं) चालू होतं. उंची 4 मीटर. कडेला उभ्या असलेल्या पोराने अंगभर हार्नेस (पडताना झेलणारे पट्टे) घातला होता आणि हुक पायाजवळच्या सळईत अडकवला होता. काम सुरू करायच्या परमिटवर सही होती, सकाळच्या टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधी सुरक्षेच्या सूचना देतात त्या) वहीत त्याचा अंगठाही होता. फळी सरकली, तो पडला. दोरी तुटली नाही, हुक सुटला नाही, सळईही वाकली नाही, आणि तरी तो थेट जमिनीवर आदळला. दोन्ही टाचा फुटल्या.

आता हिशेब कर. हार्नेसपासून हुकापर्यंतची दोरी 1.8 मीटर. धक्का शोषणारी पट्टी उसवत जाते, ती साधारण 1 मीटर लांबते. पाठीवरच्या कड्यापासून तळपायापर्यंत 1.5 मीटर. बेरीज 4.3 होते आणि खाली जागा होती 4. शिवाय पायाखाली थोडी मोकळीक धरायची असते, ती वेगळीच.

चौकशीत सगळे कागद चोख निघाले. निरीक्षकाला दंड लावायला काही सापडेना, कंपनीला चूक मान्य करायला काही दिसेना. खरं तर त्या कडेला हार्नेसपेक्षा गार्डरेल हवी होती: पक्के उभे खांब, कमरेच्या वर एक आडवा पाइप, मध्ये एक, खाली पायाशी आडवी फळी, म्हणजे टो बोर्ड. मग माणूस पडतच नाही, त्याला झेलायचा प्रश्न येत नाही. ती का नव्हती? मी आमचं दरपत्रक उघडून पाहिलं. तिच्यासाठी ओळच नव्हती. हार्नेस कपाटात पडून होते, म्हणून हार्नेस दिले. त्या पोराचं पडणं निविदा भरली त्या दिवशीच ठरलं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं निविदेबद्दल आहे. सरकार नियम करणारं आणि तपासणारं असतं हे सगळ्यांना दिसतं, पण बहुतेक ठिकाणी बांधकामाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकही तेच असतं, हे समितीत बसलेले लोक सोयीने विसरतात. सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम द्यायचं म्हटलं की ठेकेदार आधी काय कापणार? सिमेंट कापलं तर चाचणीत पकडलं जातं, गार्डरेल कापली तर कोणाला कळतं? हाँगकाँगमध्ये 1996 साली सरकारी कामांसाठी यावर साधा उपाय काढला. सुरक्षेच्या बाबी बोलीतून बाहेर काढल्या, कंत्राटाच्या सुमारे 2 टक्के रक्कम त्यांच्यासाठी राखली, आणि जी बाब प्रत्यक्ष केली तिचंच बिल मिळणार असं ठरवलं. सुरक्षेत काटकसर करून काम पटकावण्याची सोय त्या बाबींपुरती संपली. उद्योगाला हे नको असेल असं वाटतं ना? मी कंपनीत असताना चांगले ठेकेदार हेच मागत होते, कारण सगळे नियम पाळून बोली लावली की नियम न पाळणाऱ्याकडून आपण हरतो हा त्यांचा खरा राग होता. बैठकीत त्यांना आधी शोध.

दरासारखीच मुदत. 1978 साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे शीतक मनोरा (पाणी थंड करायचा उंच मनोरा) बांधताना परांची कोसळली आणि 51 कामगार गेले. परांची मनोऱ्यालाच, आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला अडकवलेली होती, आणि थंडीत त्या काँक्रीटला पुरेशी ताकद आलेलीच नव्हती. रोज एक थर चढवायचा असा क्रम चालला होता. क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुन्याच्या ताकदीच्या चाचणीचा, रिझल्ट येईपर्यंत थांबायचं की नाही हे कामाच्या वेळापत्रकात लिहिलेलं नसेल, तर साइटवर थांबायची हिंमत कोणी करत नाही. मुदतीला उशीर झाला की दंड, हे कलम तुला प्रत्येक कंत्राटात सापडेल. चाचणीसाठी थांबलेले दिवस त्या दंडातून वगळल्याचं कलम शोधून बघ.

आराखड्याबद्दल फार लिहीत नाही, तुला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. ब्रिटनने 1994 च्या नियमांत मालक आणि डिझायनर या दोघांवरही सुरक्षेची जबाबदारी टाकली, सिंगापूरने 2015 मध्ये तशाच वाटेने नियम आणले. लंडनच्या 2012 च्या ऑलिम्पिकची बांधकामं पुरी झाली तेव्हा त्या कामांवर एकही कामगार दगावलेला नव्हता. तिथे मालक सार्वजनिक संस्था होती आणि ठेकेदार निवडतानाच तिने सुरक्षेच्या अटी घातल्या होत्या. तुझ्या समितीत वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नसतील तर आधी त्यांना बोलाव. छताच्या कडेला हुक अडकवायची कायमची जागा कागदावरच दाखवायला त्यांना पाच मिनिटं लागतात. ती नसेल तर पुढची पन्नास वर्षं तिथे रंगारी आणि गळती काढणारे जीव मुठीत धरून चढणार.

आता एक सावधगिरी. समितीत कोणीतरी म्हणेल, ‘आम्ही स्वतःहून सगळं करतो, तुम्ही तपासण्या बंद करा.’ तिथे मऊ पडू नकोस. अमेरिकेत 1982 पासून स्वेच्छेने पुढे येणाऱ्या कंपन्यांसाठी एक कार्यक्रम आहे. त्यात दाखल झालेल्यांना नेमाच्या तपासण्यांतून सूट मिळते, पण कामगाराची तक्रार आली किंवा जीव गेला तर निरीक्षक येतोच. सूट द्यायची असेल तर एवढीच. मी निरीक्षक असताना ज्या मॅनेजरांशी माझी चांगली मैत्री होती, त्यांच्या साइटवर माझी नजर हळूहळू ढिली पडत गेली. हे मला निवृत्तीनंतर उमजलं.

आणि कामगार प्रतिनिधी कोण आहे ते बघ. मुख्य कंपनीच्या पगारपत्रकावरचा माणूस असेल तर तो उपठेकेदाराच्या उपठेकेदाराकडच्या सेंट्रिंगवाल्याचं दुखणं सांगू शकत नाही, आणि अपघात होतो तो बहुधा त्या शेवटच्या माणसाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1988 च्या 167 क्रमांकाच्या करारात कलम 12 आहे: सुरक्षेला किंवा आरोग्याला गंभीर आणि लगेचचा धोका आहे असं रास्त कारणाने वाटलं तर कामगाराला तिथून दूर होण्याचा हक्क आहे. वाचायला छान. पण रोजावर आलेला माणूस दूर झाला तर उद्या त्याला कामावर घेणारा तोच मुकादम असतो. त्या दिवसाचा रोज कोण देणार हे समितीने ठरवलं नाही, तर तो हक्क वापरायला कोणी धजणार नाही.

पहिल्या बैठकीत एवढंच माग: सदस्य कंपन्यांनी ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटनांची नोंद दर महिन्याला द्यावी, आणि त्या नोंदीवरून कोणालाही दंड होणार नाही असं खात्याने लेखी द्यावं. दंड प्रत्यक्ष उल्लंघनावर, नोंदीवर नाही. या दोन वाक्यांवर तास-दीड तास भांडण होईल. होऊ दे. पोस्टरवर झालं नसतं.

बैठकीच्या आधी एक सकाळ एखाद्या साइटवर घालव, न कळवता. सुरक्षा अधिकाऱ्याचं जाकीट घालू नकोस. परांचीवर चढणाऱ्याला विचार, इथली फळी कोणी बसवली आणि शेवटची कोणी पाहिली. तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घे आणि मला पाठव. पहिल्या महिन्याच्या नोंदींचा कागदही पाठव. तो कोरा आला तर पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर.

तुझा,
म्हातारा निरीक्षक