हातोडा पडण्याआधी

बंद होणाऱ्या रेकॉर्डिंग स्टुडिओंचं जुनं सामान लिलावात घेण्याविषयी बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : लिलाव ऑनलाइन आहे, पण सामान पाहायला एकच दिवस, तोही दोन तास. तीनशेच्या वर लॉट (एका बोलीत विकले जाणारे गट) आहेत. सुरुवात कुठून करावी?

तीनशे लॉट पाहायचेच नाहीत. कॅटलॉग घरी वाचून चार-पाचांवर खूण करा आणि दोन्ही तास त्यांनाच द्या. सोबत मल्टीमीटर, टॉर्च, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, ४८ व्होल्ट फॅन्टम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) देणारा बॅटरीवरचा रेकॉर्डर, दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माइकच्या) केबल आणि एक चालू डायनॅमिक माइक (ज्याला वीज लागत नाही असा) असू द्या. केबल स्वतःच्याच हव्यात. तिथलीच केबल लावली आणि आवाज आला नाही, तर दोष केबलचा की माइकचा हे शोधण्यात अर्धा तास जातो.

पोचल्यावर आधी विचारा, वीज चालू आहे का? बंद झालेल्या जागेत बरेचदा नसते. वर्णनातल्या ‘पॉवर ऑन होतो’ याचा अर्थ दिवा लागला, एवढाच घ्यायचा. सामानाची यादी करणारे लोक बहुधा ध्वनिक्षेत्रातले नसतात, त्यामुळे जोड्या फुटतात. ट्यूब माइक (आत व्हॉल्व्ह असलेला, वेगळी वीजपेटी लागणारा) लॉट ११२ मध्ये असतो आणि त्याची वीजपेटी व सात पिनांची केबल लॉट २४० मधल्या ‘किरकोळ अ‍ॅडॉप्टर’ असं लिहिलेल्या खोक्यात पडलेली असते. अशी खोकी उपसून पाहा. सीरियल नंबरची पट्टी, मागची बाजू आणि व्होल्टेजचा खटका यांचे फोटो काढा. झाकण उघडायचं तर परवानगी घेऊनच.

प्रश्न : बोली किती लावायची याचा काही हिशेब असतो का?

असतो, आणि तो उलटा करायचा. तीच वस्तू दुरुस्त होऊन, वॉरंटीसह विक्रेत्याकडे १०० ला मिळते असं धरा. दुरुस्तीचे २२ आणि वाहतुकीचे ८ वजा केले की उरले ७०. पण ७० ही तुमची बोली नव्हे. हातोडा पडतो त्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, रकमेवर लिलावगृह आपलं शुल्क लावतं. ते २० टक्के असेल तर ७० ला १.२ नं भागायचं, म्हणजे ५८. कर वेगळा असेल तर आणखी खाली. हे विसरून ७० ची बोली लावली तर ८४ मोजावे लागतात आणि दुरुस्ती-वाहतुकीसह ती ‘स्वस्त’ वस्तू ११४ ला पडते.

वाजवून पाहता आली नाही, तर दुरुस्तीचा आकडा दुप्पट धरा. ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर घेतलेली वस्तू परत करता येत नाही. सामान उचलायची मुदतही आधी वाचा. ती चुकली की रोजचं भाडं लागतं, काही ठिकाणी तर मालावरचा हक्कच जातो.

प्रश्न : ४८ चॅनेलचा अ‍ॅनालॉग कन्सोल (अनेक आवाज एकत्र करणारं मिक्सिंग टेबल) आश्चर्य वाटावं इतक्या कमी किमतीत निघतो आहे. घ्यावा का?

किंमत कमी आहे कारण तो नेणं आणि चालवणं महाग आहे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

खरी अडचण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची (सर्किटमधले वीज साठवणारे छोटे डबे). त्यांच्यातला द्रव उष्णतेनं सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. कन्सोल तर वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात. एका चॅनेलमध्ये असे ३० कपॅसिटर धरले तरी ४८ चॅनेलचे १,४४० झाले. काढणं, बसवणं आणि तपासणं मिळून एका कपॅसिटरला दहा मिनिटं लागली तर २४० तास. पार्ट्स स्वस्त असतात, पैसे जातात ते या तासांचे.

परीक्षा अशी. वीज असेल तर एका चॅनेलच्या लाइन इनपुटला १ किलोहर्ट्झचा टोन द्या आणि फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी), इक्यू (जाड-बारीक स्वरांचा समतोल), पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे), ऑक्स सेंड (आवाज दुसऱ्या वाटेनं पाठवणारं बटण) एकेक फिरवून ऐका. निदान दहा चॅनेल तरी करा, तेही एका ओळीतले नव्हे, सगळीकडून उचललेले. मधले चॅनेल जास्त वापरलेले असतात, टोकाचे कमी. पॉट (फिरवायचं बटण) फिरवताना खरखर झाली तर दोन शक्यता. धूळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं जाते. पण मागचा कपॅसिटर गळका असेल तर पॉटवर डीसी (एकदिश वीज) येतो आणि कितीही स्प्रे मारा, खरखर राहते. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून पॉटच्या मधल्या पायावर लावा. काही मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा दिसला तर कपॅसिटर गेला. सगळ्या चॅनेलवर हेच दिसलं तर वरचे २४० तास कल्पनेतले नाहीत.

वीज नसेल तर एक मॉड्यूल (एका चॅनेलचा सुटा निघणारा भाग) बाहेर काढून पाहा. कपॅसिटरची टोपी फुगली आहे का, बुडाशी चिकट तपकिरी डाग आहे का, एज कनेक्टरची सोनेरी पट्टी काळवंडली आहे का? ऑटोमेशनच्या (फेडरच्या हालचाली लक्षात ठेवणाऱ्या) कार्डवर जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर भोवतीचे तांब्याचे मार्ग हिरवे झालेत का, हेही. गळालेली बॅटरी बोर्ड खाते.

आता नेण्याची गोष्ट. वीजपुरवठा बहुधा वेगळ्या रॅकमध्ये, दुसऱ्याच खोलीत असतो. तो याच लॉटमध्ये आहे का, हे लेखी विचारा. आणि केबल कापू देऊ नका. घाईत असलेली हमाल टोळी जाडजूड लूम (केबलचा जुडगा) करवतीनं तोडते, मग शेकडो वायरींतली कुठली कुणाची हे कुणालाच कळत नाही. मल्टिपिन कनेक्टर सुटे करा, प्रत्येकावर टेप लावून नंबर लिहा, फोटो काढा. घरी आणल्यावर वीजपेटी आधी कन्सोलला न जोडता लोडवर (कन्सोलच्या जागी जोडलेल्या रोधावर) चालवून प्रत्येक रेलचं (पुरवठ्याच्या वाटेचं) व्होल्टेज आणि त्यातला रिपल (व्होल्टेजमधली थरथर) मोजा. बंद राहून गार पडलेला जुना पुरवठा पहिल्याच चालूला जास्त व्होल्टेज सोडू शकतो, आणि मग एका फटक्यात सगळे आयसी (चिप) जातात.

दोन-चार चॅनेलचाच आवाज हवा असेल तर सुटी मॉड्यूल घ्या. नीव्ह १०७३ (जुन्या कन्सोलचं नावाजलेलं माइक-प्रीअ‍ॅम्प मॉड्यूल) सारखी मॉड्यूल २४ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर रॅकमध्ये बसवता येतात. जुने कन्सोल तुकड्यांनी विकले जातात ते यासाठीच. वाईट वाटतं, पण व्यवहार तसाच आहे.

प्रश्न : नॉयमन यू ८७ (स्टुडिओतला नावाजलेला कंडेन्सर माइक) आहे. खरा की नकली, आणि चांगला की खराब, हे कसं ओळखायचं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला तुलनेनं सोपा. यू ८७ हे मॉडेल १९६७ चं, आणि त्याची ‘एआय’ (Ai, मॉडेलच्या नावातलीच अक्षरं) आवृत्ती १९८६ ची. जुन्यात बॅटरीची सोय होती, एआयमध्ये नाही. अंगावर ‘एआय’ कोरलेलं आणि आत बॅटरीचा कप्पा, असा माइक दिसला तर परत ठेवा. आत पाहता आलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर शोधा. बऱ्याच नकलांत तो नसतोच, एक छोटा बोर्ड असतो. जाळीचे सोल्डर केलेले जोड, स्क्रूची घडण आणि वजन खऱ्या माइकशी ताडून पाहा.

दुसरा प्रश्न कॅप्सूलचा (जाळीआडचा, आवाज टिपणारा भाग), आणि पैसे त्यातच असतात. टॉर्च समोरून न मारता जाळीवर तिरपा धरा. पडद्यावरचा सोन्याचा थर एकसंध दिसायला हवा. मधोमध पिवळट ठिपके दिसले तर ती वर्षानुवर्षांची थुंकी. थुंकीतले क्षार ओलावा धरतात आणि सूक्ष्म गळतीची वाट तयार होते. या सर्किटमधले रेझिस्टर गिगाओहममधले (अब्जावधी ओहमचे) असल्यामुळे तेवढीही गळती तडतड म्हणून ऐकू येते, दमट हवेत जास्त. म्हणून फॅन्टम देऊन निदान पाच मिनिटं शांत ऐका. पहिल्या मिनिटात सगळेच माइक शहाण्यासारखे वागतात. मग कार्डिओइडवर (मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या पॅटर्नवर) समोरून आणि मागून बोला. मागचा आवाज तितकाच मोठा आला तर कॅप्सूलची एक बाजू किंवा पॅटर्नचा स्विच बिघडला आहे. कॅप्सूल कापडानं पुसायची नाही. ते काम माहितगाराचं.

रिबन माइकला (आत पातळ धातूची पट्टी असलेल्या) मल्टीमीटर लावून समाधान मानू नका. पिन २ आणि ३ मध्ये दिसतो तो ट्रान्सफॉर्मरचा रोध. रिबन तुटलेली असली तरी आकडा ठीक येतो. बोलूनच पाहा, फुंकर मारू नका, आणि प्रवासात उभाच ठेवा.

प्रश्न : २४ ट्रॅकचं दोन इंची टेप मशीन घ्यायचं आहे. आधी काय पाहावं?

हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग). टेप जिथून जाते तिथे झिजून सपाट पट्टी तयार होते. तिच्या कडेवर नख फिरवा. खाच ठळक लागली तर हेड रीलॅप करावं (तासून पुन्हा गुळगुळीत करावं) लागेल, किंवा नवं घ्यावं लागेल. तेवढं मटेरियल उरलं आहे का, हे हेड तासणाराच सांगेल. पिंच रोलर (टेप दाबून ओढणारं रबरी चाक) चिकट किंवा चिरलेला नको. चाचणीला टाकाऊ टेप लावा: प्ले, जलद पुढे, मागे, थांब. थांबताना टेपचा फास झाला तर ब्रेक किंवा टेन्शन बिघडलं आहे. कॅलिब्रेशन टेपचा (मशीन जुळवायच्या प्रमाणित टेपचा) खर्च बोलीत धरा. सोबत जुन्या टेप मिळाल्या तर लगेच वाजवू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक टेपचा बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकटपदार्थ) ओलावा शोषून चिकट होतो आणि हेडवर थर बसतो.

प्रश्न : कंप्रेसरच्या (आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या यंत्राच्या) मागे ११५ व्होल्ट लिहिलं आहे. २३० व्होल्टवर चालेल?

तसाच लावलात तर नाही. आत खटका असेल तर फिरवा आणि फ्यूज निम्म्या अँपिअरचा बसवा. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पहिल्यांदा चालू करताना ६० ते १०० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये जोडा. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटतच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

प्रश्न : वर्णनात ‘प्रसिद्ध स्टुडिओतलं’ असं लिहिलं आहे. त्याचे जास्त पैसे द्यावेत का?

कागद असेल तरच. अ‍ॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओनं १९८० मध्ये आपलं जुनं सामान लिलावात काढलं होतं. अशा ठिकाणची वस्तू असेल तर लॉट नंबर, पावती, सीरियल नंबर यांची साखळी दाखवता यायला हवी. स्टुडिओचा स्टिकर कुणीही चिकटवतो.

प्रश्न : प्रो टूल्सच्या (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या) कार्डांसह कॉम्प्युटर एका लॉटमध्ये आहे. सोबत सॉफ्टवेअरही मिळेल ना?

गृहीत धरू नका. परवाना आधीच्या मालकाच्या खात्यात असतो आणि त्यानं तो रीतसर हस्तांतरित केला नाही तर तुमच्या हाती फक्त लोखंड. आयलॉक डोंगल (परवाने साठवणारी यूएसबी काडी) खोक्यात असला तरी त्यातले परवाने दुसऱ्याच्या नावावर असतात. शिवाय जुनी पीसीआय कार्डं आजच्या मदरबोर्डवर बसत नाहीत. त्यापेक्षा माइक स्टँड, डीआय बॉक्स (गिटारसारखी वाद्यं थेट मिक्सरला जोडायची पेटी), रॅक आणि डायनॅमिक माइक यांच्या लॉटकडे लोकांचं लक्ष कमी असतं, तिथे बोली लावा. स्टँडचा क्लच आवळून बूम (आडवा दांडा) पूर्ण लांब करा आणि टोकाला जड माइक लटकवून दोन मिनिटं पाहा, खाली येतो का.