शेतात चर्चचा शिक्का सापडला तर

इंग्लंडमधल्या शेतात दोन्ही टोकांना निमुळता, तांब्याच्या मिश्रधातूचा चपटा तुकडा मिळाला, तर तो चर्चचा जुना शिक्का असू शकतो; कृपा करून घासू नका. लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश काहीच नको. हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात. जीपीएस नोंद मात्र खड्ड्यापाशीच घ्या.

घरी टॉर्च बाजूने तिरपी धरून फोटो काढा आणि तो आरशातल्यासारखा उलटा करा. कडेचा क्रूस, ‘एस’ (‘शिक्का’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं आद्याक्षर) आणि पुढचं लॅटिन आता सुलट दिसलं, तर हा मेणावर उमटवायचा ठसा. शिशाच्या गोल तुकड्यावर अक्षरं मुळातच सुलट आणि मागे संत पीटर आणि पॉलचे चेहरे असतील, तर ती पोपची मोहर.

चांदीचा ठसा १४ दिवसांत कोरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवणं १९९६च्या ट्रेझर कायद्याने बंधनकारक आहे. तांब्याचाही फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, दाखवाच. नोंदीविना त्याचा अर्धा इतिहास हरवतो.