लायसन्स्ड कन्व्हेयन्सर: अनुभवाचा पुरावा कसा जमवायचा?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये डिप्लोमा संपत आलाय, तर परवान्यासाठी लागणाऱ्या कन्व्हेयन्सिंगच्या, म्हणजे घर-जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या कायदेशीर कामाच्या, १२०० तासांच्या अनुभवाचा पुरावा कसा तयार करायचा.

तास मोजणं सोपं. अडतं ते आपण नेमकं काय केलं हे सांगताना. ‘फाइली सांभाळल्या’ एवढ्यावरून परवाना देणाऱ्या कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सला काय कळणार? त्यापेक्षा एखादी फाइल उलगडून लिहा. समजा, लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट आहे आणि लीजची ७८ वर्षंच उरलीत. हे तुमच्या लक्षात कधी आलं, कर्ज देणाऱ्या बँकेला कळवलं का, खरेदीदाराला पत्रात काय सांगितलं, आणि वरिष्ठांनी त्या मसुद्यात कुठे दुरुस्ती केली, सगळं लिहा. दुरुस्ती तर मुळीच लपवू नका. देखरेखीखाली शिकलात हे त्यातूनच दिसतं.

तारखाही हव्यात. लँड रजिस्ट्री म्हणजे मालमत्तेच्या मालकीची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय; तिथल्या अधिकृत शोधाने खरेदीदाराला, मधे दुसऱ्या कोणाची नोंद आड येऊ नये म्हणून, कामाच्या ३० दिवसांचं संरक्षण मिळतं. ते कधी संपत होतं आणि तुम्ही नोंदणीचा अर्ज कधी पाठवला? स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र १४ दिवसांत गेलं का?

अशिलांची नावं-पत्ते काढून फक्त फाइल क्रमांक ठेवा.

नोंद दर शुक्रवारी करा, मनापासून सांगते. मी सहा महिन्यांचं आठवून लिहायला बसले, तर दोन व्यवहारांच्या तारखा एकमेकींत मिसळल्या होत्या. आणि वरिष्ठांची सहीही तेव्हाच्या तेव्हा घ्या. ते नोकरी बदलून गेले की गाठणं अवघड होतं.