वाचक विचारतात: १० ऑक्टोबर झाला की पुढे काय?

प्रश्न: नमस्कार ताई. सांगोला तालुक्यात आमचा छोटा चॅरिटेबल ट्रस्ट आहे, रक्तदान शिबिर, वह्यावाटप, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर असली कामं आम्ही करतो. मागच्या वर्षी ओळखीतल्या दोन तरुण पोरांनी जीव दिला, तेव्हापासून सगळ्यांच्या मनात आहे की मानसिक आरोग्यावर काहीतरी करायचंच. येत्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, रॅली, टीशर्ट, चौकात फ्लेक्स आणि एका नामवंत वक्त्याचं व्याख्यान असा प्लॅन आहे. पण आमच्यातलेच दोघं म्हणतात लोक टाळ्या वाजवून घरी जातील, त्यापेक्षा तेच पैसे दवाखान्याला द्या. कुणाचं बरोबर?
(एक वाचक, सांगोला तालुका)

उत्तर: दादा, त्या दोघांचं निम्मं बरोबर आहे. टाळ्या वाजवून लोक घरी जातात हे खरंय, पण नुसते दवाखान्याला पैसे देऊनही काम होत नाही कारण माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे केला, त्यात उपचारांची गरज असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना (आजार कुठला त्यावर आकडा बदलतो) उपचार मिळतच नव्हते. काहींना दवाखाना लांब पडतो, पैसे नसतात, पण कितीतरी जणांना आपल्याला होतंय तो आजार आहे हेच माहीत नसतं, आणि माहीत झालं तरी गावात कळलं तर काय, ही धास्ती असते. म्हणून जागृती लागतेच, प्रश्न एवढाच की ती कशी करायची.

विदर्भातलं उदाहरण देते. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, गोव्याची संगाथ संस्था त्यात होती. तिथं गावातलेच कार्यकर्ते ट्रेनिंग घेऊन घरोघरी आणि छोट्या छोट्या बैठकांमध्ये डिप्रेशनबद्दल बोलायचे, ज्यांना त्रास आहे त्यांना ट्रेनिंग घेतलेल्या समुपदेशकाकडे न्यायचे, आणि त्यातल्या ज्यांना औषधांची गरज असेल त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ होते. आधी डिप्रेशन असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते, १८ महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. हे २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. मला यातली खरी गोष्ट ही वाटते की तिथं जागृती आणि उपचार वेगवेगळे नव्हतेच. ज्या ताईनं बैठकीत सांगितलं की झोप उडणं, कशातच मन न लागणं, सारखं रडू येणं हा आजार असू शकतो, तिलाच पुढे कुठं जायचं तेही सांगता येत होतं.

नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीनं 'आत्मीयता' म्हणून काम केलं, तेही असंच. गावात ज्यांच्याकडे लोक आपसूक मन मोकळं करतात अशी माणसं शोधली, त्यांना ऐकून कसं घ्यायचं ते शिकवलं, हातात मोबाईल दिला आणि त्यावर छोट्या फिल्म, कशावर तर घरातली भांडणं, दारू, बेरोजगारी, बाईला होणारी मारहाण अशा रोजच्या गोष्टींवर. ही माणसं सरकारी योजनांची कागदपत्रं करायलाही मदत करायची, कारण ज्याला कर्जानं झोप येत नाही त्याला नुसतं 'पॉझिटिव्ह विचार करा' सांगून काय होणार? आपल्याकडच्या बऱ्याच मोहिमा इथंच कमी पडतात असं माझं स्पष्ट मत आहे. दुष्काळी भागात तुम्ही टँकर पुरवलेत, म्हणजे माणसाला कशाचा ताण येतो ते तुम्हाला कुणी सांगायला नको.

तर रॅलीला माझा विरोध नाही पण ती सगळ्यात शेवटी. आधी जिल्हा रुग्णालयात जा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम कोण आहे, तुमच्या बाजूच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांची ओपीडी असते का, कोणत्या वारी, गोळ्या तिथंच मिळतात का, हे समोर बसून विचारून घ्या. फ्लेक्सवर ते छापा, वार, वेळ, जागा आणि टेलीमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत देणाऱ्या हेल्पलाइनचा, नंबर १४४१६. हा नंबर केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. अंधारात डोकं धरून बसलेल्या माणसाचा फोटो मात्र टाकू नका, तो बघून कुणालाच वाटत नाही की हे माझ्याबद्दल आहे. लिहायचं तेही घरात बोलतात तसं लिहा, 'जीव घाबरा होतो, डोकं जड राहतं, कामावर जावंसं वाटत नाही, पंधरा दिवस झाले झोप नाही'.

वक्त्याच्या मानधनाचे पैसे वाचले तर वर्षभर पेशंटच्या एसटी भाड्यासाठी ठेवा, गोळ्या मध्येच सुटतात त्याचं एक मोठं कारण जायचं-यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी हे आहे. आणि व्याख्यान करायचंच असेल तर स्टेजवर डॉक्टरसोबत असा माणूस बसवा जो स्वतः या आजारातून गेलाय आणि आज आपलं काम करतोय. लोकांच्या मनातला कलंक कशानं कमी होतो यावर लॅन्सेटच्या आयोगाचा २०२२ चा अहवाल आहे, त्यातही सगळ्यात जास्त उपयोग अशा प्रत्यक्ष भेटीचा होतो असंच म्हटलंय. फक्त त्या माणसानं किती सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या, आणि व्हिडिओ टाकायच्या आधी त्याला विचारा.

एक कळकळीची विनंती. त्या दोन मुलांची नावं, फोटो, काय झालं कसं झालं, हे कार्यक्रमात कुठंच नको. जीव देण्याची पद्धत सांगितल्यानं आधीच त्रासात असलेल्याला धोका वाढतो, आणि त्या दोन्ही घरांतली माणसं अजून सावरलेली नसणार. त्यांच्याकडे बॅनर न घेता, एकेकटे जाऊन बसा.

प्रश्न: मी शाळेत शिक्षिका आहे. एका संस्थेला आमच्याकडे नववी-दहावीच्या मुलांसाठी आत्महत्या या विषयावर सेशन घ्यायचंय. पालक म्हणतात नको, मुलांच्या डोक्यात नसेल तेही येईल. मलाही थोडी भीती वाटते.
(एक वाचक, परभणी)

उत्तर: ताई, भीती समजू शकते पण आत्महत्येबद्दल विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही. ज्याच्या मनात आहे त्याला उलट हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. सेशन मोठ्या हॉलमध्ये तीनशे मुलांना बसवून घेऊ नका, वर्गावर्गात घ्या, आणि नंतर एखादं मूल येऊन बोललं तर कुणी ऐकायचं हे आधीच ठरवून ठेवा. तुमच्याकडे आलं तर सरळ विचारा, 'जगूच नये असं वाटतं का तुला?' उत्तर हो आलं तर ओरडू नका, उपदेश नको, त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. घरचे पोलीस केसच्या भीतीनं लपवतात हे फार होतं, त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते तर त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी असते.

प्रश्न: माझ्या भावाला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, आता गोळ्यांवर चांगला आहे. एका संस्थेनं मला त्यांच्या जागृती कार्यक्रमात बोलायला बोलावलंय. भाऊ म्हणतो जा बोल, पण बाबा म्हणतात घरात लग्नाच्या मुली आहेत, कशाला बोभाटा. काय करू?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर: बाबांवर चिडू नका. स्थळं मोडतात हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय, ती भीती हवेतली नाही. आणि आजाराची माहिती गुप्त राहणं हा तुमच्या भावाचा कायद्यानं हक्क आहे, म्हणून 'जा बोल' म्हणाला तेवढ्यावर थांबू नका, त्याच्यासोबत बसून ठरवा, नाव घ्यायचं का, हॉस्पिटलचे दिवस सांगायचे का, फोटो चालेल का. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो नाही म्हणाला तर नाही, संस्थेलाही हे आधीच सांगून ठेवा.

तुम्ही पुण्याच्या जवळ आहात म्हणून सांगते. धुळ्याहून कॅनडात गेलेले, कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी, त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो लपवला नाही, तिकडे अशा कुटुंबांच्या संघटना कशा चालतात ते बघितलं आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथं शुभार्थी, म्हणजे ज्यांना आजार आहे ते, आणि शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारे घरचे, यांचे आधारगट चालतात. बाबांना आधी अशा एखाद्या गटात घेऊन जा. चाळीस लोकांसमोर भाषण ऐकायला नव्हे, तर त्यांच्याच वयाच्या, मुलाच्या गोळ्यांची पाकिटं मोजणाऱ्या दुसऱ्या वडिलांशेजारी बसायला. ते तिथं बोलले तर छान, नाही बोलले तरी हरकत नाही, दोन-तीनदा जाऊ द्या आणि मगच संस्थेला होकार कळवा. बाबा तरीही तयार नसतील तर नाव न घेता, घरातला एक शुभंकर म्हणून बोला, त्यानं तुमच्या बोलण्याची किंमत कमी होत नाही.

प्रश्न: ऑफिसात एका एनजीओच्या सेशनमध्ये सांगितलं की हेल्थ इन्शुरन्समध्ये मानसिक आजार कव्हर होतात. खरं का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: हो. वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा, कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पण बऱ्याच पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात, समुपदेशन आणि ओपीडी त्यात नसते, म्हणून एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसतं कार्ड बघून समजत नाही. क्लेम केवळ मानसिक आजार आहे म्हणून नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या, तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, त्याला फी लागत नाही.