आधी पाचाड, मग रायगड

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

रायगडाला निघायचं ठरवलंयस, तर गाडी थेट रोपवेपाशी नेऊ नकोस. महाडपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर पायथ्याचं पाचाड आहे, तिथे आदल्या दुपारीच पोहोच. रेल्वेने येणार असशील तर कोकण रेल्वेचं वीर स्टेशन जवळ पडतं. महाडहून एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ महाडच्या स्टँडवरच विचारून घे.

पाचाडात घरगुती जेवण मिळतं. किती माणसं आणि किती वाजता, हे आधी सांगून ठेव. भाकऱ्या माणसं मोजून थापल्या जातात. दुपार कलली की जिजाऊंच्या वाड्याकडे जा. गडावरचा गार वारा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी हा वाडा खाली बांधून घेतला. आज तट, जोती आणि विहिरी उरल्या आहेत. त्यातली तक्क्याची विहीर नीट बघ, तिच्या काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. राज्याभिषेक झाला 6 जून 1674 ला आणि 17 जूनला जिजाऊ गेल्या. त्यांची समाधी इथेच, पाचाडात आहे. ती न बघता गड चढणं मला तरी पटत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चित दरवाज्यापासून पायऱ्या धर. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. सवय नसेल तर दोन तास धरून चाल. माणशी दोन-तीन लिटर पाणी घे आणि ते वर जाईपर्यंत पुरव. बहुतेकांची दमछाक एकाच कारणाने होते: पहिला टप्पा घाईने चढतात आणि उन्हं वर आली की मधेच बसकण मारतात. रोपवेने उतरायचा बेत असेल, तर त्याचं खालचं स्थानक हिरकणीवाडीला आहे हे लक्षात ठेव, नाहीतर गाडी एकीकडे आणि तू दुसरीकडे. वारा फार असला किंवा दुरुस्ती चालू असली की रोपवे बंद राहतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी कर.

महादरवाज्याला अर्धा तास तरी दे. समोरून येताना दोन प्रचंड बुरूज दिसतात, एक सुमारे 75 फूट उंच, दुसरा 65. दरवाजा मात्र शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. शत्रूला हत्ती किंवा ओंडके घेऊन धावत येऊन धडक देता येऊ नये, म्हणून हे वळण. तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आतून पाहा: भोक आत रुंद, बाहेर अरुंद आणि खाली उतरतं. बाहेरच्याला आतला माणूस टिपता येत नाही, आतल्याला मात्र पायऱ्यांवरचा माणूस स्पष्ट दिसतो. दरवाजातून आत गेलास की वळून देवड्या बघ, पहारेकऱ्यांची ती जागा. आणि इथे गड आला असं समजू नकोस, पुढे बराच चढ बाकी आहे.

वर गेल्यावर बरेच जण विचारतात, 'इथे नुसती जोतीच का?' मे 1818 मध्ये इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडावर आग लागली, 10 मेला गड पडला. लाकडी खांब, माड्या, छपरं जळाली, दगड राहिला. म्हणून नजर खाली ठेवून बघ. जोत्यांवर खांबांचे तळखडे, म्हणजे खांब ज्यावर उभे असत ते दगड, शोध आणि दोन तळखड्यांमधलं अंतर पावलांनी मोज. खणांचा, म्हणजे दोन खांबांमधल्या जागांचा, अंदाज येतो, आणि राजसदर, म्हणजे दरबाराची जागा, केवढी होती हे माहितीफलकापेक्षा नीट कळतं. ती सुमारे 220 फूट लांब आहे. सिंहासनाच्या जागेपाशी हळू बोललेलं समोरच्या नगारखान्यापाशी ऐकू येतं, पण हे करून बघायचं तर गर्दी यायच्या आत. गंगासागर बघताना एक लक्षात घे: तळं खोदायचं आणि त्यातूनच निघालेला दगड बांधकामाला वापरायचा, ही गडबांधणीची रीत. पाणी आणि दगड एकाच खर्चात.

बाजारपेठेतून पुढे जगदीश्वराच्या देवळापाशी पायरीवर अक्षरं आहेत: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. गड ज्याने बांधला त्याने आपलं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल अशा जागी कोरलं. ऊन तिरपं असताना अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा पीठ चोळून ती उठवायचा मोह अजिबात नको, दगड झिजतो. देवळापुढेच महाराजांची समाधी.

टकमक टोकाच्या कडेला जाऊ नकोस. तिथला वारा अचानक उसळतो. जुलै-ऑगस्ट टाळ. 2024 च्या जुलैत पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा आला आणि माणसं अडकून पडली. 6 जूनला सोहळा बघायचा असेल तर जरूर जा, पण अवशेष बघायचे तर तो दिवस नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

गडावर ताक, सरबत विकणारी इथलीच घरं आहेत, घासाघीस करू नकोस. सुटे पैसे जवळ ठेव, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, तेव्हा सरळ न उतरता पाऊल किंचित तिरपं टाक, आणि अंधाराआधी पाचाड गाठ.

कळावे.