लाळेची चाचणी आणि मलिद्याचं ताट

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आडनाव गावावरून पडलेलं. मुलाने हौसेने डीएनए चाचणी करून घेतली. अहवालात मोठा वाटा ‘दक्षिण आशियाई’ आला. तेव्हापासून तो विचारतोय, ‘आई, मग आपण यहुदी कसले?’ त्याला काय सांगू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, त्याला सांगा, अहवालात आलंय ते अपेक्षितच होतं. 2016 साली बेने इस्राएलांच्या जनुकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यहुदी आणि भारतीय, दोन्ही वारसे ठळक दिसले. हा संकर 19 ते 33 पिढ्यांमागचा, म्हणजे साधारण 650 ते 1050 वर्षांपूर्वीचा. यहुदी वाटा मुख्यतः पुरुषांकडून आलेला, भारतीय वाटा मुख्यतः बायकांकडून. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा तुमच्याकडे सांगतात. तिच्यात या इथल्या बायका नाहीत, पण त्या तुमच्या पणज्याच.

माझं मन त्यांच्यापाशीच अडकतं. लहानपणी अलिबागला आमच्या शेजारी मलिदा, म्हणजे प्रार्थनेसोबतच्या प्रसादाचा विधी, असायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं रचलेली. बाहेर पुरुष हिब्रूत एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचे आणि आतून आजी ओरडायची, ‘अगं, नारळ खवून झाला का?’ शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव ज्यांना शनवार तेली म्हणायचं, त्यांच्या घरात चूल बायकांच्याच हाती होती. त्यांनी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळला नसता तर तो टिकलाच नसता.

1962 मध्ये इस्रायलच्या धर्मपीठाने, हे खरे यहुदी का अशा शंकेने, तुमच्या लोकांची लग्नाआधी आईकडच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला होता. तुमच्या माणसांनी झगडून 1964 मध्ये तो मागे घ्यायला लावला. आज तीच शंका घरातल्या पोराला यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

चाचणीचंही थोडं समजावून सांगा. कंपनी लाळेतला डीएनए आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून टक्के काढते. सख्ख्या बहिणीचे टक्केसुद्धा वेगळे येतील. वाय गुणसूत्र फक्त बापाच्या बापाची ओळ दाखवतं, मायटोकाँड्रियातला, आईकडूनच येणारा डीएनए फक्त आईच्या आईची. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या 1024 जागा होतात, त्यातल्या या दोनच.

तो घरी आला की अहवालाशेजारी एक वही ठेवा. तुमची आई, तिची आई, आठवतील तितक्या पिढ्यांच्या माहेरची गावं त्याच्याकडून लिहून घ्या. ती कुठल्याच प्रयोगशाळेत मिळणार नाहीत.